रेषांचा ताळेबंद

सकाळी दुकान उघडून गादीवर बसकण झाली की नगरच्या आडते बाजारात वर्तमानपत्र उघडले जाते. प्रथम बाजारभाव पाहिले जातात, मग पावसाची बातमी. या दोहोंच्या मध्ये कोठेतरी चार रेषांचे एक व्यंगचित्र असते. त्यावर नजर क्षणभर थांबते, ओठांवर हसू उमटते आणि पान उलटले जाते. परंतु पाणी, वृक्षतोड, हवामानबदल आणि त्यांविषयीची शासकीय धोरणे यांबद्दल लांबलचक अग्रलेखाला जे साधत नाही, ते पुष्कळदा तेवढ्याशा चौकटीत साधलेले असते.

व्यापारी कुटुंबांना यामागील रीत चटकन उमगावी. रोजमेळ कितीही सुबक लिहिला, तरी एखादी रक्कम खात्यावर चढवायची राहिली तर ताळेबंद जुळत नाही. राजकीय व्यंगचित्रकार नेमक्या त्या राहून गेलेल्या रकमेवर बोट ठेवतो. २०१९ च्या पावसाळ्यात महाराष्ट्र शासनाने ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवले होते. किती रोपे लावली हा जमेचा आकडा झाला. किती जगली हा शिल्लकेचा. गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात यंदाचे रोप, हा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक असलेला विनोद या दोन आकड्यांमधील अंतरातूनच जन्मला आहे.

आर. के. लक्ष्मण यांनी १९५१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या छोट्या चौकटीत हे काम अनेक दशके केले. चौकड्यांचा कोट आणि धोतर ल्यालेला त्यांचा सामान्य माणूस कधी बोलत नसे. मंत्री बोलत, अधिकारी बोलत. तो केवळ पाहत राही. वारंवार टंचाई सोसणाऱ्या जिल्ह्याला हे मौन परिचित आहे. टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभी असलेली स्त्रीही फारसे बोलत नाही.

अशा हसण्याने काही घडते का, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर अमेरिकेत सापडते. आयोवा राज्यातील जे नॉरवुड डार्लिंग हे ‘डिंग’ या सहीने राजकीय व्यंगचित्रे काढीत. शेतीसाठी आटवलेल्या पाणथळ जागा, वाहून जाणारी माती आणि घटत चाललेले जलपक्षी हे त्यांचे आवडीचे विषय होते. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यावर त्यांनी टीकाच केली होती. तरीही १९३४ मध्ये रूझवेल्ट यांनी त्यांनाच वन्यजीवविषयक शासकीय विभागाचे प्रमुख नेमले. त्याच वर्षी जलपक्ष्यांची शिकार करणाऱ्यांना एक डॉलरचे विशेष तिकीट घेणे बंधनकारक झाले. पहिल्या तिकिटावरील बदकांचे चित्र डार्लिंग यांनी स्वतः काढले. त्या तिकिटांतून आजवर १ अब्ज डॉलरहून अधिक निधी उभा राहिला आणि सुमारे ६० लाख एकर पाणथळ व लगतची भूमी पक्ष्यांसाठी राखली गेली. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला शिकारीशी जोडलेला हा मार्ग रुचणार नाही, हे स्वाभाविक आहे. तथापि जो हानी करतो त्यानेच भरपाई द्यावी, हा त्यातील हिशेब त्याला नक्कीच पटेल.

परंतु व्यंगचित्राचा नेम चुकतोही. डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिस येथे हवामान करार झाला. त्यानंतर लगेच ‘द ऑस्ट्रेलियन’ या वृत्तपत्रात बिल लीक यांचे एक चित्र आले. मदत म्हणून आलेले सौर पटल फोडून खाणारे भुकेले भारतीय त्यात दाखवले होते. रोख श्रीमंत देशांच्या धोरणावर होता, असे समर्थन झाले. पण हसे झाले ते गरिबाचे, आणि चित्रावर वर्णद्वेषाचा आरोप झाला.

त्या चित्राला याच जिल्ह्याने नकळत उत्तर दिले आहे. २०१७ मध्ये राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, तेव्हा पथदर्शी प्रकल्पासाठी निवडलेल्या गावांत पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी होते. शेतपंपांना दिवसा वीज मिळावी, हा तिचा हेतू. रात्री-अपरात्री अंधारात, विंचू-सापांच्या भीतीत पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला सौर पटलाचे मोल कोणी शिकवावे लागत नाही. लीक यांच्या चित्रात हा शेतकरी कोठेच नव्हता. ज्याच्यावर हसायचे त्याचे जगणे आधी जाणून घ्यावे, एवढा विवेक व्यंगचित्रकाराकडे हवाच.

नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावी व्यंगचित्रकाराला विषय शोधावा लागेल. अवघा ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारे हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती झाला, पिण्यासाठी किती राखायचे, उरलेल्यात कोणते पीक घ्यायचे, हे ग्रामसभेत ठरते. उसासारख्या तहानलेल्या पिकाला आणि शेतीसाठीच्या कूपनलिकांना गावाने स्वतःहून आवर घातला. राहून गेलेली रक्कम येथे गावकरी स्वतःच खात्यावर चढवतात.

शहरातील समृद्ध घरांनी मात्र हसताना थोडे सावध असावे. बंगल्यामागील कूपनलिका दर उन्हाळ्यात आणखी खोल जाते. वैशाखातील लग्नसमारंभ आटोपल्यावर मंगल कार्यालयात अर्ध्या प्यालेल्या पाण्याच्या बाटल्यांचा ढीग पडतो, आणि त्याच रस्त्याने टँकर खेड्याकडे जात असतो. या दृश्यात मंत्री नाही, अधिकारी नाही. कुशल व्यंगचित्रकाराला ते रेखाटण्यासाठी शब्दही लागणार नाहीत. कोपऱ्यात चौकड्यांच्या कोटातला तो माणूस उभा असेल, आणि या वेळी त्याची नजर यजमानांकडे वळलेली असेल.