शपथ घेणारे तेच, मोजणारेही तेच

२०१० साली ‘कन्झ्युमर गुड्स फोरम’ या बड्या ब्रँड्सच्या जागतिक संघटनेनं जाहीर केलं की २०२० पर्यंत आमच्या मालापायी होणारी निव्वळ जंगलतोड शून्यावर आणू. पामतेल, सोया, गोमांस, कागद, सगळं त्यात आलं. २०२० आलं आणि गेलं, जंगल तुटतच राहिलं. मग अनेक कंपन्यांनी २०२५ची तारीख दिली, आता २०३०ची देतात. कोर्टालाही लाजवेल अशी तारीख पे तारीख.

त्यातला ‘निव्वळ’ हा शब्द तर एखाद्या वकिलानंच घातला असणार. इथे शंभर वर्षांचं जंगल पाडा, तिथे रोपं लावा, वजाबाकी शून्य. (आपल्याकडचे वृक्षारोपणाचे फोटो आठवा.)

पण ‘हे सगळं ग्रीनवॉशिंग आहे’ म्हणून विषय संपवणारेही मला पटत नाहीत. कारण एक शपथ चालली होती. अमेझॉनमधला सोया कोंबड्यांच्या खाद्यातून युरोपातल्या मॅकडोनाल्ड्सपर्यंत कसा पोचतो, हे ग्रीनपीसनं २००६ मध्ये दाखवलं. त्याच वर्षी ब्राझीलमधल्या मोठ्या सोया व्यापाऱ्यांनी ठरवलं की नव्यानं जंगल तोडलेल्या जमिनीवरचा सोया घ्यायचा नाही. त्याआधी अमेझॉनमध्ये सोयाची जी नवी लागवड व्हायची, तिच्यातली जवळपास ३० टक्के जंगल तोडून व्हायची. २०१४ पर्यंत हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. व्यापाऱ्यांना अचानक सद्बुद्धी सुचली नव्हती. जवळजवळ सगळे मोठे खरेदीदार एकत्र होते, त्यामुळे ‘तू नाही तर तो घेईल’ ही सोय उरली नाही. उपग्रहाची चित्रं होती, आणि ती तपासायला कंपन्यांबरोबर पर्यावरण संस्था आणि पुढे सरकारही बसलं होतं.

तरी भोकं राहिलीच. करार अमेझॉनपुरता होता. शेजारचा सेराडो, गवताळ माळ आणि विरळ जंगलांचा अवाढव्य पट्टा, त्याच्या बाहेर. नांगर तिकडे वळला. आणि २०२५ मध्ये ब्राझीलच्या स्पर्धा नियामकानं या कराराचीच चौकशी लावली, सगळ्यांनी मिळून खरेदी नाकारणं म्हणजे कार्टेल म्हणून! ज्या एकीत कराराचा जीव होता, घाव नेमका तिथेच.

गोमांसाची गोष्ट जास्त संतापजनक आहे. जेबीएस, मारफ्रिग, मिनेर्व्हा या कंपन्यांनी २००९ मध्ये शब्द दिला होता. पण वासरू जन्मतं एका फार्मवर, वाढतं दुसऱ्यावर, चरबी चढते तिसऱ्यावर. कत्तलखाना तपासतो शेवटचा फार्म. पहिला फार्म जंगल जाळून केलेला असला तरी कागदावर जनावर स्वच्छ. गंमत म्हणजे जनावर हलवताना रोगनियंत्रणासाठी सरकारी परवाना लागतोच, म्हणजे माहिती आहे. ती लोकांसाठी खुली नाही, एवढंच. तंत्रज्ञान नाही ही सबब मला म्हणूनच ऐकवत नाही.

आता आपण. पामतेलाचा जगातला सगळ्यात मोठा आयातदार भारत आहे. बिस्किटं, फरसाण, इन्स्टंट नूडल्स, साबण. हातातलं पाकीट उलटून बघा. बहुतेक तेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. युरोपनं २०२३ मध्ये कायदा केला: ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जमिनीवरचा माल नको, शेताचे अक्षांश-रेखांश द्या, नाहीतर दंड. त्याची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली, तो भाग वेगळा. स्वतःची जंगलं कधीच संपवून बसलेल्या युरोपनं शिकवू नये, हा इंडोनेशियाचा राग मला समजतो. लहान बागायतदाराला ही कागदपत्रं जड जाणार, हेही खरं. पण युरोपनं नाकारलेलं तेल समुद्रात ओतणार नाहीत. जिथे कुणी काही विचारत नाही, तिथे ते येईल.

म्हणून आपल्या ब्रँड्सकडून मला नवी शपथ नकोच आहे. कांडल्याला उतरणाऱ्या प्रत्येक जहाजातलं तेल कोणत्या मिलमधून आलं, ती यादी आयातदारानं कायद्यानं जाहीर करावी आणि खोटी निघाली तर दंड भरावा. जगातल्या काही मोठ्या कंपन्या अशा मिलच्या याद्या आजही वेबसाइटवर टाकतात. म्हणजे जमतं.