मिगच्या कागदी विमानाची वाट कशाला?

मी चाकणला सीएनसी चालवतो. मिगच्या हलक्या, दोन इंजिनांच्या स्टेल्थ विमानावर टपरीवरही वाद रंगतात. ते विमान वर्षानुवर्षं कागदावरच आहे!

सुखोईबरोबर पाचव्या पिढीचं विमान बनवायला भारताने २०१० मध्ये प्राथमिक आराखड्याचा करार केला, २९.५ कोटी डॉलरचा. २०१८ मध्ये आपण बाहेर पडलो. नाशिकजवळच्या ओझरला आधी मिग, मग सुखोई-३० जोडली गेली. परवाना म्हणजे दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर बोल्ट आवळणं. पुन्हा तेच मागायचं?

स्वदेशी ‘अ‍ॅम्का’ला २०२४ मध्ये १५ हजार कोटी मंजूर झाले. इंजिन सुरुवातीला अमेरिकी असेल, उशीरही होईल. पण ड्रॉइंग आपलं. आयटीआयवाल्या दोस्तांनो, त्याचे पार्ट भोसरी-चाकणला मागा. आणि मशीनवरचा कामगार कंत्राटी नको, हेही त्याच अर्जात लिहा.