भरतीच्या पाण्याला सातबारा नसतो

दरवर्षी 17 फेब्रुवारीला वासुदेव बळवंत फडके यांच्या स्मृतिदिनी त्यांच्या जन्मगावी, पनवेलजवळच्या शिरढोणला, माणसे अभिवादनासाठी जमतात आणि आल्या वाटेने परततात. कार्यकर्त्यांनी त्या दिवशी वाट थोडी वाकडी करून उरणची खाडी गाठावी, अशी आमची सूचना आहे. हिवाळी पक्ष्यांचा मुक्काम तेव्हा हललेला नसतो.

पक्षीनिरीक्षण म्हणजे दुर्बीणवाल्या सुखवस्तूंचा छंद, असा चळवळीत समज आहे. तो अगदीच निराधार नाही. फडके एडनच्या तुरुंगात वारले ते 1883 साली. त्याच साली मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली आणि तिच्या आठ संस्थापकांपैकी सहा इंग्रज होते. (उरलेले दोघे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन, हे विसरू नये.) परंतु छंद कोणाचा, यावरून पाहण्याच्या वस्तूचे मोल ठरत नाही.

थंड समुद्रांतील खरी सागरी बदके आपल्या किनाऱ्यावर उतरत नाहीत. येतात ते थापट्या आणि तलवार बदक. त्यांच्या जोडीला तुतवार, कुरव, उचाट आणि रोहित. ओहोटीला चिखल उघडा पडला की त्यातील किडे, शिंपले, कोळंबीची पिले यांवर चिखलपक्ष्यांची गुजराण चालते. भरती आली की चिखल बुडतो. मग पाणी उतरेपर्यंत टेकायला उथळ जागा लागते. पाणजे येथील पाणथळ, जुनी मिठागरे या त्या जागा. पक्ष्याला चिखलाइतकीच या विसाव्याची गरज असते, आणि नेमकी हीच जागा नियोजनकारांच्या नकाशात ‘पडीक’ ठरते.

पडीक कोणाच्या लेखी? त्याच पाण्यावर कोळ्याचे जाळे चालते. भराव पडला, उघाड्या बंद राहिल्या, की भरतीचे पाणी अडते. पक्षी उपाशी राहतो आणि कोळीही. हे केवळ आमचे म्हणणे नाही. या भागातील पारंपरिक मच्छीमारांनी स्वतः दाद मागितली, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने 2015 साली 1,630 कुटुंबांना 95 कोटींहून अधिक रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

जानेवारी 1984 मध्ये याच भूमीत पाच शेतकऱ्यांनी गोळीबारात प्राण दिले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क उभा राहिला. तो विजय मोठाच होता. पण ज्याच्या नावे सातबारा त्याचा तो विजय. खाडीला सातबारा नाही. तिच्यावर जगणाऱ्याला भूखंड कशाच्या आधारे मागायचा? चिरनेरच्या माणसांनी 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगलासाठी गोळ्या झेलल्या, तेव्हा त्यांच्याही हाती जंगलाचा उतारा नव्हता.

म्हणून पक्ष्यांची नोंद ही आम्हाला राजकीय नोंद वाटते. आशियाई पाणपक्षी गणना आपल्याकडे 1987 पासून दर जानेवारीत होते आणि तीत सामान्य माणूसही भाग घेऊ शकतो. उरण-पनवेलच्या शाखांनी येत्या जानेवारीत दोन-दोन तरुण द्यावेत. पक्ष्यांची नावे पक्षीमित्र शिकवतील. भरतीची वेळ आणि पूर्वी पाणी कुठवर येत असे, हे गावचा कोळी सांगेल. वहीत पक्ष्यांच्या आकड्याशेजारी एक रकाना जास्त आखावा: त्या दिवशी उघाडी उघडी होती की बंद.