हिजरतीची नोंद कोण ठेवणार?

संक्रांत सरली की आमच्या वर्गातल्या जागा रिकाम्या होऊ लागतात. कुणाचे अब्बा सेंट्रिंगच्या कामावर हैदराबादला, कुणाचे सारे घर मिरची तोडायला वरंगलकडे. चंद्रपूर-गडचिरोलीतून तेलंगणात मिरचीच्या तोडणीला टोळ्या जातात, हे कुणाला ठाऊक नाही? आणि आम्ही शिक्षक हजेरीपटावर काय लिहितो? खरे सांगायचे तर पुष्कळदा 'हजर' लिहितो. पट घसरला तर उर्दू शाळेतले पद जाईल, ही भीती. ज्या कागदावर मुलाच्या स्थलांतराची पहिली नोंद व्हायची, तिथेच आम्ही ती पुसतो. सरकारला जाब विचारण्याआधी ही कबुली दिलेली बरी.

काही सद्गृहस्थ म्हणतात, "गावातच राहावे, परमुलखात कशाला जावे?" हा भरल्या पोटाचा उपदेश आहे. कोरपना-राजुऱ्याचा मुलुख 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. आमच्या सोयरिकी, आमचा बाजार, आमची उर्दू त्याच वाटेने आली. वाट आधीची, सीमा नंतरची. जाणे हा गुन्हा नाही. आपली तर सालगणनाच हिजरतीपासून सुरू होते. पण मदिनेत मुहाजिरांना भाऊ मानणारे अन्सार होते. आमच्या मजुराला तिकडे कोण आहे? एक मुकादम, आणि त्याच्याकडून घेतलेली उचल.

2020 च्या टाळेबंदीत याची किंमत दिसली. बिजापूरची 12 वर्षांची मुलगी तेलंगणातल्या मिरचीच्या शेतातून पायी निघाली आणि एप्रिलमध्ये घराजवळ पोचता पोचता मेली. 8 मे रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. सप्टेंबरमध्ये सरकारने संसदेत सांगितले, मेलेल्या मजुरांची माहिती ठेवलेली नाही. नोंदच नाही, मग भरपाई कोणाला?

कायदा नव्हता असे नाही. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात पाच मजुरांपासून ठेकेदाराला परवाना सक्तीचा होता. मजुराला फोटोचे पासबुक आणि विस्थापन भत्ता मिळायचा होता. आम्ही ते पासबुक कुणाच्या हातात पाहिले नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या जागी नवी संहिता आली. स्वतःहून गेलेला मजूर तिच्या व्याख्येत आला, प्रवासभत्ता राहिला. पण पाचाचे दहा झाले आणि विस्थापन भत्ता गेला. मालकाकडे आठच परप्रांतीय मजूर असतील तर त्या आठांनी कुठे जावे?

त्यात आपल्या माणसाला दुसरे भय. जून 2025 मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशच्या हद्दीत ढकलण्यात आले. नंतर भारतीय ठरल्यावर परत आणावे लागले. नाव मुसलमानी आणि खिशात कागद नाही, एवढे संशयाला पुरते. हा अन्याय आहेच. पण अन्यायाविरुद्ध उभे राहायलाही गावात कुणाकडे तरी नोंद लागते.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. ग्रामपंचायतीने वही घालावी. ती घालत नसेल तर मशिदीच्या कमिटीने घालावी, आणि ती सर्व जातिधर्मांच्या मजुरांसाठी असावी. कोण गेला, कोणाबरोबर, कुठे, किती उचल घेऊन, फोन कोणता. ई-श्रम कार्ड काढून द्यावे. 'एक देश, एक रेशनकार्ड' मुळे धान्य तिकडेही मिळते, हे जुम्म्याच्या नमाजनंतर सांगावे. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची शिकवण ऐकून मान डोलावणाऱ्यांनी आपल्याच बिरादरीतल्या मुकादमाला हिशेब विचारावा. आम्ही शिक्षकांनी खरी हजेरी मांडावी, मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यावे, आणि पालकांना सांगावे की दाखला नाही म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. 2009 चा शिक्षणहक्क कायदा तसे म्हणतो.

आणि गडचांदूर-आवारपूरच्या सिमेंट कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला मजूर? तो आमच्या मुलखातला मुहाजिर आहे. त्याचे नावही त्याच वहीत हवे. आपल्या माणसासाठी तेलंगणात अन्सार मागायचे आणि इथे दुसऱ्याला परका म्हणायचे, हे चालणार नाही.

पट घसरेल, पद जाईल. जाऊ द्या. पण मूल कुठे आहे हे ज्या शाळेला माहीत नाही, त्या शाळेचा पट वाचवून आम्ही काय मिळवणार?