सही न घेतलेला जामीनदार

विकत घेतलेली वस्तू आपली नेमकी केव्हा होते? पैसे मोजले आणि पावती हाती पडली की झाली, असे कायदा म्हणतो. बँकेत वाहनकर्जाच्या फायली हाताळण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि मला मात्र निराळेच दिसत आले. कर्ज मंजूर होऊन स्कूटर दारात आली, की आठवडाभरात तिच्यावर रंगीत सीटकव्हर चढे, हँडलला गोंडे लागत आणि पुढे मुलीचे नाव झळके. या कशालाच बँक पैसे देत नसे. हप्त्यासाठी काटकसर करणारा माणूस या हौसेसाठी मात्र पदरमोड करी. कारखान्यातून हजारोंनी निघालेल्या एकसारख्या स्कूटरींपैकी एक ‘माझी’ व्हायची, तर तेवढा खर्च होणारच.

या हौसेचे जगातले सर्वांत भव्य रूप पाहायचे असेल तर अमेरिकेतल्या मसल कारकडे पाहावे. मसल कार म्हणजे दोन दारांची, लांब नाकाची, मोठ्या इंजिनाची, दंड थोपटत आल्यासारखी दिसणारी मोटार. तिच्या घराण्यातली सर्वांत प्रसिद्ध गाडी म्हणजे फोर्डची मस्टँग. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. किंमत होती २,३६८ डॉलर. आतला सांगाडा बराचसा फोर्डच्याच फाल्कन या साध्यासुध्या कौटुंबिक गाडीचा होता. खरी करामत होती ती पर्यायांच्या लांबलचक यादीत. गाडी स्वस्तात घ्या, मग इंजिन, चाके, रंग, आतली सजावट आपापल्या ऐपतीप्रमाणे निवडा. दोन वर्षे पुरी होण्याआधीच १० लाखांवर मस्टँग तयार झाल्या. शेजाऱ्याचीही मस्टँग आणि आपलीही मस्टँग, तरी दोन्ही वेगळ्या, हे त्या यशाचे मर्म होते.

कारखान्याची यादी संपली तिथे दुसरा बाजार सुरू झाला. त्याला ‘आफ्टरमार्केट’ म्हणतात, म्हणजे गाडी विकली गेल्यानंतर तिच्यावर चढवायच्या सामानाचा बाजार. कॅरल शेल्बी या शर्यतपटूने १९६५ मध्ये मस्टँगची जीटी ३५० ही आवृत्ती काढली. तिच्या पांढऱ्या अंगावरचे निळे पट्टे आजही लोक आपापल्या गाड्यांवर चिकटवून घेतात. आंतरराष्ट्रीय शर्यतींत पांढरा आणि निळा हे अमेरिकेचे रंग होते, तिथून हे पट्टे आले. या व्यवसायाची ‘सेमा’ नावाची संघटना दरवर्षी लास वेगासमध्ये प्रदर्शन भरवते. बॉनेटवर हवेसाठी उंचवटा, मागच्या काचेवर झडपा, पुढे जमिनीलगत ओठ, मागे पंख, काळी चाके, संपूर्ण अंगावर चढवायची आणि नको झाली की सोलून काढायची रंगीत फिल्म, असे सारे तिथे मिळते.

यातले काय कामाचे आणि काय शोभेचे? मागचा पंखच घ्या. तो हवेच्या दाबाने गाडी रस्त्याला चिकटवून धरतो. पण हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी १६० किलोमीटरला जो दाब मिळेल त्याचा सोळावा हिस्सा ताशी ४० ला मिळतो. मस्टँग जीटीडी या शर्यतीच्या वळणाच्या गाडीने जर्मनीतील नुरबुर्गरिंगची सुमारे २०.८ किलोमीटरची फेरी सात मिनिटांच्या आत पुरी केल्याचे फोर्डने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. तिथे पंख खरोखर राबत असतो. भाजी आणायला निघालेल्या गाडीवर त्याच्याकडून फारसे काम होत नाही. बॉनेटवरच्या उंचवट्याचेही तेच. काहींतून खरोखर हवा आत जाते, काहींना भोकच नसते.

म्हणून या हौशी मंडळींना हसावे काय? मला तसे वाटत नाही. पोळ्याला आपण बैलाची शिंगे रंगवतो, झूल घालतो. त्याने बैलाचे बळ वाढते असे कोणी मानत नाही. शोभेच्या खर्चावर नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या घरातला दिवाणखाना एकदा डोळे उघडून पाहावा. बँकेच्या भाषेत एवढेच सांगेन की हा पैसा गाडी विकताना क्वचितच परत मिळतो. तो गुंतवणूक नव्हे, खर्च समजूनच करावा. ज्याचा खिसा, त्याची हौस.

माझा आक्षेप सुरू होतो तो आवाजापाशी. कर्जाच्या फायलीत मी नेहमी एक प्रश्न विचारीत असे. कर्जदाराने पैसे बुडवले तर भरणार कोण? ज्याने भरायचे, त्याची जामीनदार म्हणून सही हवी. गाडीवरचा पट्टा, चाक, पंख यांचे बिल मालक स्वतः भरतो. रात्री साडेअकराला गरजणाऱ्या सायलेन्सरचे बिल मात्र शेजारचे तान्हे बाळ, परीक्षेला बसलेला मुलगा आणि रक्तदाबाच्या आजीबाई भरतात. शेजारी हा सही न घेतलेला जामीनदार असतो.

गंमत म्हणजे हे फोर्डलाही कळले होते. कंपनीच्याच एका वरिष्ठ इंजिनियरने घरासमोर आपली शेल्बी मस्टँग सुरू केली आणि आवाजाला कंटाळलेल्या शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावले. त्या प्रकारातून २०१८ च्या मस्टँगमध्ये ‘गुड नेबर मोड’ आला, म्हणजे सुशेजाऱ्याची कळ. ठरवून दिलेल्या वेळांत गाडी हळू आवाजातच सुरू होणार. मला हा शोध चारशे-साडेचारशे अश्वशक्तीपेक्षा मोठा वाटतो. पण त्याच कंपनीने २०२४ च्या मस्टँगमध्ये आणखी एक सोय दिली. गाडीत न बसताच, हातातल्या किल्लीचे बटण दाबून उभ्या गाडीचे इंजिन गरजवता येते! प्रवास नाही, वेग नाही, चालकही नाही. आहे ती फक्त डरकाळी.

त्याच्याही पुढची पायरी डॉजने गाठली. २०२३ च्या अखेरीस डॉजच्या चॅलेंजरचे उत्पादन थांबले आणि त्याच सुमारास शेव्हरोलेची कॅमॅरोही बंद झाली. डॉजने २०२४ मध्ये विजेवर चालणारी चार्जर डेटोना आणली. विजेची मोटर जात्या शांत. तेव्हा आवाज मुद्दाम तयार करून बाहेर सोडणारे यंत्रच तिला बसवले. २०२२ मध्ये नमुना दाखवताना तो १२६ डेसिबेलपर्यंत जातो, असे कंपनीने अभिमानाने सांगितले होते. पुढे २०२४ मध्येच याच चार्जरची पेट्रोलवर चालणारी आवृत्तीही जाहीर झाली. पूर्वी आवाज हा शक्तीचा अपरिहार्य परिणाम आहे, असे तरी म्हणता येई. आता ती सबब उरली नाही. जो आवाज तयार करावा लागतो, तो न करणे पूर्णपणे आपल्या हाती असते.

आपल्याकडे मस्टँग २०१६ मध्ये सुमारे ६५ लाखांना अधिकृतपणे आली, तेव्हा ती किती दारांत उभी राहिली असेल याचा हिशेब सोपा आहे. पण तिची डरकाळी मात्र स्वस्तात मिळते. मोटारसायकलचा मूळ सायलेन्सर काढून दुसरा लावला की झाले. जप्त केलेल्या अशा सायलेन्सरांवर पोलीस रोडरोलर फिरवत असल्याची छायाचित्रे आपण पाहतोच. कायदाही मोघम नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ बनावटीत बदल करण्यावर बंधन घालते, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे अधोरेखित केले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद झाली.

तरीही हा प्रश्न दंडाने सुटेल असे मला वाटत नाही, तो घरातच सुटायला हवा. मुलगा गाडी सजवायला निघाला, तर त्याला अडवू नका. रंगाची निवड त्याच्याबरोबर बसून करा, पट्टे तिरपे गेले तर सांगा, आजीचे नाव घालायचे असेल तर अक्षर चांगले काढून द्या. सायलेन्सरला हात घालू लागला, तर मात्र त्याला एक कागद आणि पेन द्यावे आणि सांगावे, “बाळा, खालच्या मजल्यापासून सुरुवात कर. सगळ्यांच्या सह्या घेऊन ये.”