वाजवणाऱ्याचा फोटो

घरच्या भिंतीवरचे फोटो आज एकदा नीट पाहा. जन्मभर देवळात पखवाज वाजवलेले आजोबा तिथे कसे दिसतात? बहुधा ओळखपत्रावरचाच फोटो मोठा करून त्याला हार घातलेला असतो. मान ताठ, नजर बावरलेली. थाप पडताच फुलणारा त्यांचा चेहरा नातवंडांनी पाहायचा कुठे?

आपल्या वसई-विरारकडे वादकांना तोटा नाही. गावोगाव भजनी मंडळे, लग्नाला बँड, पूर्वेला डोंगरालगतच्या वारली पाड्यांवर तारपा. आता हातोहाती मोबाईल आहेत. पण ‘इकडे बघा’ म्हटले की वादक थांबतो आणि टिपायचे तेच निसटते.

मग करावे कसे? दयानिता सिंग यांचे उदाहरण पाहा. अहमदाबादेत शिकत असताना त्या झाकीर हुसेन यांचे फोटो काढायला गेल्या. तिथे कुणीतरी अडवून ढकलले, त्या पडल्या. तरी हटल्या नाहीत. पुढे सहा हिवाळे त्या झाकीरभाई आणि इतर कलावंतांबरोबर गावोगाव हिंडल्या. प्रवास, रियाज, गप्पा, सगळीकडे सोबत. त्यांचा कॅमेरा मंडळींच्या अंगवळणी पडला. त्यातून १९८६ साली पुस्तक झाले. २०२४ च्या डिसेंबरात झाकीरभाई गेले. त्या फोटोंत मात्र ते अजून हसताना, वाजवताना भेटतात.

तुम्हाला सहा हिवाळे नकोत, चार संध्याकाळी पुरेत. आधी बुवांची परवानगी घ्या. पहिले दोन दिवस नुसते ऐका, मोबाईल खिशातच राहू द्या. मग त्यांच्याइतकेच खाली बसा. फ्लॅश बंद ठेवा. ओटीवर बाजूने येणारा उजेड चांगला. पखवाजाला कणीक लावणारे हात टिपा. तारपा वाजवणारा तोंडाने फुंकत असतानाच नाकाने श्वास घेतो, त्याचे गाल फुगतात. तो क्षण सोडू नका. त्याला थांबवू मात्र नका.

शेवटचे काम विसरायचे नाही. मोबाईल बिघडला की फोटोही जातात. म्हणून चांगले दोन निवडून कागदावर छापून घ्या. मागे पेन्सिलीने नाव, गाव, वाद्य आणि साल लिहा. पहिली प्रत वाजवणाऱ्याच्याच हाती द्या, आणि तीही त्यांचे हात चालते आहेत तोवर.