टेबल फॉर टू, व्हाया कर्जत

२०२१ मध्ये कॉर्डेलिया मुंबईहून निघायला लागली आणि ऑफिसातल्या कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलमध्ये तो फोटो दिसायला लागला. पांढरा टेबलक्लॉथ, दोन ग्लास, मागे समुद्र. क्रूझवर मुख्य डायनिंग हॉलचं जेवण बहुतेकदा तिकिटातच असतं, स्पेशालिटी रेस्टॉरंटचे पैसे वेगळे. ईएमआयवाल्यांनी आधी कॅल्क्युलेटर काढावा!

पण बॉस, त्यातली खरी मजा काय? आपण आरामात टेबलाशी बसलोय, आणि खिडकीबाहेरचं जग सरकतंय. ही मजा कर्जतच्या घाटात १९३० पासून मिळते. समुद्र नाही, एवढंच.

१ जून १९३० ला सुरू झालेली डेक्कन क्वीन. रोज धावणाऱ्या आपल्या गाड्यांमध्ये टेबल-खुर्चीची डायनिंग कार उरली आहे ती फक्त हिच्यात. २०२२ मध्ये नवे डबे आले तेव्हा ती जाईल अशी धास्ती वाटणं साहजिक होतं. उलट ३२ खुर्च्यांच्या ४० झाल्या. ऑम्लेट, चीज टोस्ट, कटलेट. शेफचं नाव मेन्यूवर नसतं आणि ‘फाइन’ म्हणावं असं प्लेटिंगही नसतं. पण कर्जत सुटलं की गाडी १ः३७ चा चढ चढायला लागते, बोगदा येतो, काचेत आपलाच चेहरा दिसतो, बोगदा संपतो आणि समोर उल्हास नदीची अख्खी दरी. पावसाळ्यात तर धबधबे मोजत चहा गार होतो. हा व्ह्यू कुठल्या क्रूझवर मिळतो, सांगा.

आपण मात्र खालापूरच्या फूड मॉलवर उभ्या उभ्या वडा गिळतो, एक डोळा पार्किंगवर. वंदे भारतमध्येही जेवण येतं ते ट्रेमधून, सीटवरच. (कर्जतला दिवाडकरांचा वडा उभ्यानेच खायचा, त्याला माफी!) रेल्वेच्या हिशेबात त्या ४० खुर्च्या म्हणजे तिकीट न विकलेली जागा. त्या रिकाम्या दिसल्या तर पुढच्या वेळी डबे बदलताना कुणीतरी सीट मोजणारच.

तेव्हा संध्याकाळी ५.१० ला सीएसएमटीहून निघालात, की कल्याण मागे पडताच जागेवरून उठा. कर्जतची वाट बघत बसलात तर खिडकीजवळची खुर्ची गेलीच म्हणून समजा.